घाटात पुढचा ब्रेक गेला आणि बॅटरीही रोज उतरते: बिघाड दोन की एकच?

डोंगरवाट (कन्नड)

गेल्या आठवड्यात भर दुपारी आईला रेल्वेत बसवून देण्यासाठी मी मोटारसायकलवरून कन्नडहून चाळीसगावला निघालो होतो. औट्रम घाट निम्मा उतरल्यावर एका वळणावर पुढच्या ब्रेकचा लिव्हर दाबला, तर तो काहीही जोर न लागता थेट मुठीला येऊन टेकला. मागचा ड्रम ब्रेक आणि दुसरा गिअर यांच्या आधाराने गाडी कशीबशी कठड्याजवळ थांबवली. आई काही बोलली नाही, पण उरलेला घाट पायी उतरायची तिची तयारी दिसत होती. अर्ध्या तासाने तोच ब्रेक जणू काही घडलेच नव्हते अशा रीतीने पूर्ववत लागू लागला.

गाडी २०१६ ची, १५० सीसीची, एबीएस नसलेली आहे. महिनाभरापासून तिची बॅटरीही उतरते. सकाळी सेल्फ घेत नाही, किक मारावी लागते. गावातल्या मिस्त्रींनी बॅटरी बदलायला सांगितले आहे. दोन्ही खर्च एकदम करण्याआधी जाणकारांचे मत हवे आहे.

रानफूल

ब्रेक ऑइल किती वर्षांपूर्वी बदलले होते? ते हवेतील ओलावा शोषून घेते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ४ प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरल्यावर ही हमी १५५ अंशांवर येते. उकळलेल्या ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, ते दाबले जातात आणि दाब कॅलिपरपर्यंत, म्हणजे चाकाच्या डिस्कवर ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागापर्यंत, पोहोचतच नाही. थंड झाल्यावर वाफेचे पुन्हा द्रव होते, म्हणून तुमचा ब्रेक परत आला. ऑइल बदलून लाइनमधली हवा काढून घ्या. बॅटरीचा विषय वेगळा आहे, ती जुनी झाली असेल.

दहाबाराचा पाना (सिल्लोड)

वरचे स्पष्टीकरण बरोबर आहे, मात्र ऑइल उकळण्याइतके तापले कशाने, हा प्रश्न त्यात राहून गेला आहे. घाट उतरताना सतत ब्रेक धरला तर तापतेच, हे मान्य. तरीही बॅटरीला इतक्या लवकर बाजूला सारू नये. किल्ली चालू करून, दोन्ही ब्रेक मोकळे ठेवून मागचा लाल दिवा पाहा. तो ठळक पेटलेला असेल, तर ब्रेकचा स्विच सुटत नाही असे समजावे. तो बल्ब १२ व्होल्टचा, २१/५ वॅटचा असतो. ब्रेकची २१ वॅटची तार अखंड जळत राहिली की पावणेदोन अँपिअर वीज फुकट जाते. गावात दोन-तीन किलोमीटर फिरून वारंवार सेल्फ मारणाऱ्या गाडीत ती भरून निघत नाही.

आता महत्त्वाचे. गाडी कधी पडली होती का, आणि पुढचा लिव्हर बदलला होता का? लिव्हर पूर्ण मागे येत नसेल, तर मास्टर सिलिंडरचा (लिव्हरजवळचा, ऑइलवर दाब देणारा भाग) पिस्टन किंचित दाबलेला राहतो आणि तापून फुगलेले ऑइल त्याच्या छोट्या टाकीत परत जाण्यासाठी असलेले बारीक छिद्र झाकले जाते. मग पॅड डिस्कला घासत राहतात, उष्णता वाढते, ऑइल आणखी फुगते आणि ब्रेक आपोआप अधिकच आवळला जातो. गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचे चाक उचला व हाताने फिरवा. ते जड वाटले, तर लिव्हरचा बोल्ट काढून लिव्हर बाजूला करा. चाक मोकळे झाले, तर दोष लिव्हरचा आहे. चाक जडच राहिले, तर कॅलिपरचा ब्लीडिंग निपल (लाइनमधली हवा काढायची तोटी) जरासा सैल करा. तेव्हा मोकळे झाले तर दाब लाइनमध्ये अडकला आहे, नाहीतर कॅलिपरचा पिस्टन जाम आहे. निपल सैल करताना त्याच्याखाली फडके धरा, कारण डॉट ४ रंग खाते. आणि एकदा निपल उघडला की हवा काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नका.

रानफूल

म्हणूनच नव्या गाड्या बऱ्या. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्यांना एबीएस आहे.

दहाबाराचा पाना (सिल्लोड)

एबीएस चाक लॉक होऊ देत नाही. उकळलेल्या ऑइलपुढे त्याचाही इलाज नाही. आपल्याकडे पेट्रोल वाचवण्यासाठी घाटात इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलवर गाडी सोडणारे पुष्कळ आहेत, त्यांचा सगळा भार ब्रेकवरच पडतो. गिअर दुसरा ठेवावा, ब्रेक थोडा वेळ जोरात लावून पूर्ण सोडावा. तापलेल्या डिस्कवर पाणी मात्र मारू नये, ती वाकते.

डोंगरवाट (कन्नड)

काल सायंकाळी तपासले. दिवा पेटलेलाच होता आणि चाक एका फेरीतच थांबत होते. लिव्हर काढताच टक असा आवाज येऊन दिवा विझला आणि चाक मोकळे फिरले. दीड महिन्यापूर्वी शेतातल्या बांधावर गाडी आडवी झाली होती, तेव्हा बाजारातला स्वस्त लिव्हर बसवला होता. वाकलेला जुना लिव्हर अडगळीत सापडला. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले, तर पिस्टनला टेकणारे टोक नव्यात बाजरीच्या दाण्याएवढे पुढे होते. कंपनीचा लिव्हर मागवला आहे. पॅडही बदलावे का?

दहाबाराचा पाना (सिल्लोड)

काढून पाहा. घासणारी बाजू काचेसारखी चकचकीत झाली असेल, तर बदलाच. ऑइल नवे भरा, ते एकदा उकळले आहे. बॅटरी मात्र तूर्त घेऊ नका. आहे ती रात्रभर चार्जिंगला लावा आणि नंतर इंजिनची गती वाढवून तिच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. साडेतेरा ते साडेचौदा आले, तर चार्जिंग व्यवस्थित आहे.