मदत हवी आहे: ग्रंथालयातल्या सहकाऱ्यांना 'आधी नोंदी बघू' ही सवय कशी लावावी?

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं देवघेव विभागात काढल्यावर आता त्या विभागाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. मध्यंतरी बैठकीत कुणीतरी सुचवलं, पुस्तक ठेवायची मुदत पंधरा दिवसांवरून सातवर आणू, म्हणजे मागणी असलेली पुस्तकं लवकर फिरतील. ज्येष्ठांनी मान डोलावली आणि पाच मिनिटांत विषय संपला. नोंदी समोरच्या संगणकात होत्या, पण कुणी उघडल्या नाहीत. मीही नाही.

नंतर राहवेना म्हणून सहा महिन्यांची देवघेव तपासली. रांग लागत होती ती एकच प्रत असलेल्या मोजक्या पुस्तकांना. तेवढ्यांच्या प्रती वाढवून भागलं असतं. नोंदींचा तक्ता सगळ्यांना वाटून हे सांगितलं तर एक सहकारी बाई म्हणाल्या, "म्हणजे आम्ही इतकी वर्षं चुकीचंच केलं का?" तिथे मी गप्प झालो.

पिट्सबर्ग विद्यापीठाचा १९७९चा अभ्यासही सांगून पाहिला. त्यांनी १९६९मध्ये घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पुढच्या सहा वर्षांत एकदाही बाहेर गेली नव्हती. (त्यावर टीकाही पुष्कळ झाली, तीही वाचण्यासारखी आहे.) उत्तर आलं, "ते मोठं विद्यापीठ, आपलं वेगळं." बरं, वेगळं आहे तर आपलं मोजून बघू या ना!

प्रश्न नेमका मांडा, पुरावा शोधा, पारखा, वापरा, मग काय झालं ते तपासा, ही पद्धत मला पटते. पण 'संशोधन' म्हटलं की सगळ्यांना प्रबंध आठवतो. काउंटर सोडून वेळ कसा काढायचा? आणि ही आपल्यावरची तपासणी आहे असं वाटू नये म्हणून काय करता? कुणी एकत्र लेख वाचायचा प्रयोग केला आहे का?

प्रतिसाद १: 'संशोधन' हा शब्दच काढून टाका. त्या बाईंनाच विचारा, काउंटरवर रोज काय खटकतं? त्यांचा प्रश्न घ्या, तुमचा नको. आठवड्यातला एक तास कामाच्या वेळेतच ठरवून द्या, 'जमेल तेव्हा' म्हणालात तर कधीच जमत नाही. लेख एकत्र वाचायचे तर 'ग्रंथालयाला उपयोग काय' इथून सुरुवात करा, आकडेमोड नंतर. आणि नोंदींचा तक्ता वाटण्याआधी त्यातून वाचकांची नावं काढून टाकलीत ना?

धागाकर्ता: नाही काढली. तक्ता परत मागवतो. बाईंना उद्या विचारतो.