जुनी 207, दोन टाक्या: दुसरी टाकी काढून टाकावी का ठेवावी?

होटगीरोडवाला
मंडळी, माझी टाटा 207 डीआय पिकअप हाय, 2009 मॉडेल, एमएच 13 म्हणजे सोलापूर पासिंग. आधीच्या मालकानं कंपनीच्या टाकीशिवाय डाव्या अंगाला अजून एक 40 लिटरची टाकी बसवून घेतलेली. सीटखाली पितळी थ्री वे कॉक, हिकडं फिरवला की कंपनीची टाकी, तिकडं फिरवला की दुसरी. मागच्या महिन्यात मार्केट यार्डातनं कांदा भरून विजापूरला निघालो तर भीमेवरच्या टाकळीच्या पुलाच्या अलीकडं गाडीनं तीन झटके दिले न् गप. एअर घेतलेली, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरलेली. ती काढायला इंजिनजवळचा हँडपंप मारून मारून अंगठा सुजला, वर कांद्याच्या पोत्यावर ऊन. ही तिसरी वेळ. माझं म्हणणं सरळ हाय, दुसरी टाकी काढायची, कॉक फेकायचा, कंपनीच्या टाकीतनं एकच नळी. पण घरात वडील म्हणतात चालत्या गाडीला हात लावू नको. तुमचं मत सांगा.

भीमाकाठ
वडील बरोबर बोलूलालेत. जुन्या गाड्यांना दुसरी टाकी लोकांनी हौस म्हणून नाही बसवली भाऊ. आपल्या विजापूर रोडवर किती वर्षं लोक पुलापलीकडं धुळखेडला नायतर झळकीला जाऊन टाकी फुल करून येत होते, तिकडचं डिझेल स्वस्त. जाताना एका टाकीवर जायचं, येताना दोन्ही भरून आणायच्या. 40 लिटर जास्तीचं म्हणजे एक फेरी सुटली. तुझा कॉक खराब झाला तर टाकी कशाला काढतो, नळ गळतो म्हणून कुणी विहीर बुजवतं का?

होटगीरोडवाला
स्वस्त होतं ओ, होतं. 2024 च्या जूनमध्ये कर्नाटकानं कर वाढवला तर एका दिवसात 3 रुपयांवर डिझेल वाढलं, परत 2025 च्या एप्रिलमध्ये अजून 2 रुपये. पहिल्यासारखा फरक ऱ्हायला नाही आता. ज्याच्यासाठी ती टाकी बसवली ते कारणच गेलं, टाकी तेवढी लोंबत ऱ्हायली.

कॉपर_वॉशर
मी अक्कलकोट रोडला डिझेल गाड्यांचं काम करतो. टाकी काढू का ठेवू हे नंतर, आधी मला एक सांगा मालक, रिटर्न कुठं जातंय?
डिझेल इंजिन जेवढं जाळतं त्यापेक्षा जास्त ओढतं, उरलेलं पंपाकडनं न् नोझलवरनं गरम होऊन रिटर्नच्या पाइपनं टाकीत परत जातं. दोन टाक्या असतील तर ओढायचा कॉक न् रिटर्नचा कॉक दोन्ही एकदम फिरायला पाहिजेत. नव्वद टक्के जुगाडात लोक ओढायच्या नळीला तेवढा कॉक बसवतात न् रिटर्न तसंच कंपनीच्या टाकीत सोडतात. मग तुम्ही ओढताय दुसरीतनं न् परत सोडताय पहिलीत. गाडीखाली झोपून बारीक पाइपवर बोट ठेवून मागं मागं जावा, कुठं पोचतंय ते लिहा.

होटगीरोडवाला
झोपलो. बनियन गेलं, बायको बोलली ते वेगळं. रिटर्न सरळ कंपनीच्या टाकीत, कॉकचा काही संबंधच नाही.
आता एक कबूल करतो. दुसऱ्या टाकीवर गाडी टाकली की ॲव्हरेज एकदम पडायचं, 40 लिटर कुठं गेलं कळायचं नाही, न् मी दोन वर्षं ड्रायव्हरवर संशय घेत होतो की मधे कुठंतरी नळी घालून काढतोय. पोरगा एकदा रडला पण होता. आणि पहिल्या टाकीच्या झाकणाभोवती कायम ओलं, धूळ चिकटून काळा गोल झालेला, मला वाटायचं पंपावरची पोरं सांडतात. डिझेल हिकडनं तिकडं जात होतं न् टाकी भरली की झाकणातनं वर.

भीमाकाठ
म्हणजे दोष टाकीचा नाही, बसवणाऱ्याचा! हेच तर सांगूलालो. ओढायला न् रिटर्नला एकदम फिरणारा वॉल्व्ह मिळतो, सहा तोंडाचा, बटणावर चालतो, तो टाक न् मोकळा हो. तेवढा खर्च नको असेल तर सवय लाव, पहिली टाकी निम्मी झाल्याशिवाय दुसरीवर जायचंच नाही. मग रिटर्नचं डिझेल पहिलीत जागा बघून बसतंय, एक थेंब सांडत नाही. आमच्या टाटा 407 ट्रकला असंच होतं, 11 वर्षं चालवली.

साता_समुद्रापार
मी मूळचा बाळ्याचा, सध्या टेक्सासात. तुम्ही ज्याला जुगाड म्हणताय ते इथं कंपनीच देत होती. मेव्हण्याकडं 1989 ची फोर्ड एफ 150 हाय, पेट्रोल, पुढं एक न् मागं एक टाकी, डॅशबोर्डवर खटका. रिटर्नचा वॉल्व्ह कंपनीनंच दिलेला, जी टाकी चालू तिच्यातच परत जायला. तरी त्या गाड्यांत तो वॉल्व्ह अडकला की पुढच्या टाकीचं पेट्रोल गुपचूप मागच्या टाकीत जातं न् मागच्या झाकणातनं बाहेर येतं, हा इथला जुना रोग. मेव्हण्यानं शेवटी वैतागून पुढची टाकी काढली, एकच मागची ठेवली. म्हणजे भीमाकाठ म्हणतात तो वॉल्व्ह टाकला म्हणजे सुटलो असं नाही, अजून एक बिघडणारी वस्तू वाढली. आणि टाकी कुठं लोंबतीय ते पण बघा, जीएमच्या 1973 ते 1987 च्या पिकअपला टाक्या चेसिसच्या बाहेरच्या अंगाला होत्या, बाजूनं धडक बसली की पेट घ्यायच्या, कोर्टकचेऱ्या झाल्या त्याच्यावर.

भीमाकाठ
पेट्रोलचं डिझेलला लावू नका पाव्हणं. डिझेल तसं भडकत नाही.

काळा_कोट
मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा विषय कुणीच काढला नाही अजून. कंपनीनं जी गाडी दिली त्यात परवानगीशिवाय असा बदल चालत नाही, 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं. त्यामुळं इथं बाहेरून बसवलेली टाकी काढणं म्हणजे बदल नाही, बदल दुरुस्त करणं हाय. आणि 8 वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला फोटो त्या टाकीचाच काढणार.

भीमाकाठ
इतकी वर्षं पास होत होती की ओ वकीलसाहेब.

काळा_कोट
पास होत होती म्हणजे कुणी वाकून बघितलं नव्हतं.

जुना_पुणे_नाका
मी मधलं सांगतो, भांडू नका. कॉकच काढा न् दोन्ही टाक्या खालनं एका पाइपनं जोडून टाका. पाणी जसं समान पातळीला येतं तसं डिझेल येणार, फिरवायची कटकट नाही.

कॉपर_वॉशर
अण्णा, रागवू नका, पण तो पाइप गाडीचा सगळ्यात खालचा भाग होतो. मंगळवेढ्याकडं शेतातल्या रस्त्यावर एक दगड लागला की एक नाही, दोन्ही टाक्या रिकाम्या.

होटगीरोडवाले मालक, आता माझं मत. काढा. कारण तुमचा कॉक ओढायच्या बाजूला हाय. या बाजूला फट पडली तर गाडी चालू असताना डिझेल बाहेर ठिपकत नाही, हवा आत जाते, म्हणून तर लिकेज सापडत नाही न् तीनदा रस्त्यात बसलात. पण काढताना अर्धवट काम करू नका. कॉक तसाच ठेवून एका तोंडाला बोल्ट मारून बंद करतात, तो बोल्ट सहा महिन्यांनी परत एअर ओढतो. टाकीपासून फीड पंपापर्यंत, म्हणजे टाकीतनं डिझेल ओढणाऱ्या पंपापर्यंत, मधे जोड नसलेला एकच पाइप टाका, दोन्ही टोकांना नवीन कॉपर वॉशर, म्हणजे जोड घट्ट बसवणारी तांब्याची चकती, जुने घासून परत लावायचे नाहीत. डिझेलच्या काट्याला मधे खटका असेल तर तो काढून वायर सरळ पहिल्या टाकीच्या फ्लोटला, म्हणजे डिझेलची पातळी सांगणाऱ्या तरंगत्या गोळ्याला, जोडा, नायतर टाकी फुल असून काटा झोपलेला दिसेल. झाकणाचं हवेचं भोक साफ करा, ते बुजलं तरी टाकीत व्हॅक्यूम होऊन गाडी हुबेहूब असेच झटके देते. आणि काढलेली टाकी लगेच कुणाला वेल्डिंगला देऊ नका. डिझेल भडकत नाही असं वर कुणीतरी लिहिलंय, रिकाम्या टाकीतली वाफ भडकते.

भीमाकाठ
तुम्ही मेकॅनिक, तुम्ही म्हणाल ते. पण ऐन आषाढीला पंढरपूर रोडला पंपावर रांग लागते तेव्हा 40 लिटरची आठवण येईल त्याला, लिहून ठेवा.

होटगीरोडवाला
मामा, आषाढीत कांदा कोण नेतं?

रविवारी काढली एकदाची. कॉपर वॉशर म्हणाले तसंच, एकच पाइप. आणि दुसऱ्या टाकीचा खालचा बोल्ट सोडून उरलेलं बादलीत घेतलं, आधी वाटीभर पाणी, मग काळा चिकट गाळ, शेंगाचटणीत जास्त तेल पडल्यावर दिसतो तसा, न् सगळ्यात शेवटी डिझेल. वडील बादलीजवळ उकिडवे बसले, बोट बुडवलं, वास घेतला न् म्हणाले "हे इंजिनला पाजूलालास व्हय रे?" मग काही बोलले नाहीत, स्वतः पान्हा धरून उभे ऱ्हायले. ड्रायव्हरला घरी जेवायला बोलावलंय, काय सांगायचं ते अजून ठरवलं नाही.

टाकी भंगारात देऊ का?

भीमाकाठ
भंगारात कशाला, मला दे. साफ करून माझ्या गाडीला बसवतो.

होटगीरोडवाला
या घेऊन जावा मामा. कॉक पण देतो, फुकट.

भीमाकाठ
कॉक नको.