जपानच्या मासेमार वस्त्यांतील स्त्रिया: कष्ट त्यांचे, सभासदत्व कोणाचे?

प्रश्न (हतनूरकाठ, भुसावळ)

हतनूर धरणाच्या फुगवट्यावर मासेमारी करणाऱ्या भोई कुटुंबातली मी मुलगी. वडील पहाटे जाळे काढून आणतात आणि त्यानंतरचे सगळे काम आईकडे असते. मरळ हातातून निसटू नये म्हणून ती तळहाताला चुलीतली राख चोळते, विळीवर मासे साफ करते आणि पाटी डोक्यावर घेऊन बाजारात जाते, ती दुपार कलल्यावरच परतते. गेल्या वर्षी वडील आजारी असताना जाळी तिनेच सांधली, उसनवारीही तिनेच फेडली. परंतु गावच्या मच्छीमार संस्थेच्या बैठकीत तिला तोंड उघडता आले नाही, कारण सभासद वडील आहेत. एम.ए.च्या प्रबंधासाठी मी सध्या जपानच्या किनाऱ्यावरील स्त्रियांविषयी वाचत आहे. समुद्रात बुडी मारणाऱ्या तेथील ‘आमा’ स्त्रियांचे कौतुक सगळीकडे दिसते. मला जाणून घ्यायचे आहे ते एवढेच, की कष्टाच्या मानाने त्या स्त्रियांना अधिकारही मिळाला आहे का?

उत्तर (चाळीसगाव)

ताई, नोकरीनिमित्त मी तीन वर्षे मिए प्रांतात होतो आणि टोबा-शिमा भागात अनेकदा जाणे झाले. आमा पाठीवर हवेची टाकी घेत नाहीत. साधारण पन्नास सेकंदांच्या एका दमात तळ गाठायचा, पटाशीसारख्या लोखंडी हत्याराने खडकाला घट्ट चिकटलेला ‘अवाबी’ हा मोठा शंख सोडवायचा आणि वर यायचे. वर आल्यावर सोडलेल्या श्वासाची जी लांबट शीळ निघते, तिला ‘इसोबुए’ म्हणतात. मी ती धक्क्यावर उभा राहून ऐकली आहे आणि आजही विसरलेलो नाही. मिएमध्ये १०.६ सेंटिमीटरपेक्षा लहान अवाबी काढण्यास मनाई असल्यामुळे त्या मापाची पट्टी जवळ बाळगतात आणि लहान निघालेला शंख पुन्हा समुद्रात सोडतात. बुडी कोणत्या दिवशी आणि किती वेळ मारायची, हे गावची मच्छीमार सहकारी संस्था ठरवते. टोबा-शिमाच्या या कौशल्याला २०१७ मध्ये जपान सरकारने राष्ट्रीय लोकवारशाचा दर्जा दिला. ही कमाई बाईच्या स्वतःच्या दमाची असल्यामुळे तेथे घरात तिच्या शब्दाला वजन असते, असे मला जाणवले.

उत्तर (धुळे, निवृत्त प्राध्यापिका)

भाऊंनी लिहिले ते योग्यच आहे, पण बाळा, प्रबंध आमांपाशी थांबवू नकोस. १९५६ च्या सुमारास देशभरात सतरा हजारांहून अधिक आमा होत्या; २०१० पर्यंत त्या दोन हजारांच्या आसपास उरल्या आणि त्यातही साठी ओलांडलेल्याच पुष्कळ. समुद्र तापल्याने शेवाळाची राने विरळ झाली, की त्यांवर जगणारा अवाबीही घटतो. २०२४ मध्ये जपानच्या नोतो द्वीपकल्पात झालेल्या भूकंपात वाजिमा परिसराचा समुद्रतळच उचलला गेला आणि तेथील आमांचे काम ठप्प झाले.

तुझ्या आईसारखे काम करणाऱ्या स्त्रिया तुला हिरोशिमाच्या कालवांच्या शेडमध्ये भेटतील. थंडीच्या हंगामात उजाडण्यापूर्वी ओळीने बसून त्या बंद कालव फोडतात, फटीतून सुरी सरकवून आतला स्नायू कापतात आणि गर अखंड बाहेर काढतात. त्यांना ‘उचिको’ म्हणतात. जाळी सांधणे, मासळी निवडणे, उत्तरेकडील होक्काइदो बेटावर कोम्बू हे खाण्याचे शेवाळ वाळत घालणे, हे सारे कष्ट किनाऱ्यावरचे आणि बहुतांशी बायकांचे. आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येते. १९४८ च्या कायद्यानुसार जपानी मच्छीमार संस्थेचा पूर्ण सभासद होण्यासाठी वर्षातून ठरावीक दिवसांहून अधिक मासेमारी करावी लागते, आणि ते दिवस ९० ते १२० यांच्या दरम्यान संस्थेच्या नियमावलीत ठरतात. प्रत्यक्षात मात्र सभासदत्व बहुधा घरटी एक आणि तेही पुरुषाच्या नावे राहिले. बायकांसाठी वेगळा महिला विभाग निघाला. म्हणजे तुझ्या आईची अडचण तेथेही आहेच. तरीही त्या बायका गप्प बसल्या नाहीत, हेही लिही. १९१८ च्या जुलैमध्ये तोयामा प्रांतातील उओझू बंदरावर तांदळाचे भाव भडकल्यामुळे मच्छीमार बायकांनी बाहेरगावी जाणारा तांदूळ अडवला. ती चळवळ देशभर पसरली आणि सप्टेंबरमध्ये पंतप्रधान तेराउची यांच्या मंत्रिमंडळाला पायउतार व्हावे लागले.

उत्तर (शहादा)

होक्काइदोच्या मच्छीमार संस्थांमधील महिला विभागांनी १९८८ पासून डोंगरांवर झाडे लावण्याची मोहीम चालवली आहे. नदीकाठचे जंगल तुटले की गाळ थेट समुद्रात उतरतो आणि मासळी घटते, हे त्यांनी ओळखले. सातपुड्यातून पहिल्या पावसात तापीला येणारे गढूळ पाणी आपण दरवर्षी पाहतोच.

प्रश्नकर्तीचे उत्तर

मॅडम, भाऊ, आपले मनःपूर्वक आभार. दिवस मोजण्याचा तो नियम वाचल्यावर आईच्या कामाची वही कालपासून सुरू केली आहे. सकाळी साडेपाचला जाळ्यातली मासळी सोडवणे, सातला विळी, नऊला बाजार, रात्री फाटक्या जाळ्याची सांधणी, असे पहिले पान भरले. आमच्या संस्थेच्या नियमावलीत सभासदासाठी नेमके कोणते काम धरले आहे, याची प्रत मागणारा अर्ज आज आईच्या अंगठ्याऐवजी तिच्या सहीने लिहिला आहे. सही करायला तिला चार वेळा सराव करावा लागला.