रन आउट: संपलं, फुटलं की धावचीत?

भाषांतरवाला
कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीचं (धातू वितळवून साच्यात ओतायचा कारखाना) सूचनापत्रक मराठीत करतोय. 'रन आउट झाल्यास ओतणं थांबवा' असं वाक्य होतं. मी इमानेइतबारे 'मेटल संपल्यास ओतणं थांबवा' लिहून दिलं. फोरमन म्हणाला, "साहेब, संपल्यावर ओतणार काय, कपाळ?" साच्याच्या जोडातून मेटल बाहेर येतं त्याला रन आउट म्हणतात म्हणे. मराठी शब्द सुचवा. पुढच्या पानावर 'मिसरन' पण आहे.

पेटीवाला
फोरमन बरोबर आहे. साच्याच्या वरच्या पेटीवर वजन कमी पडलं किंवा क्लॅम्प ढिला राहिला की मेटल पेटीलाच उचलतं आणि जोडातून पळतं. मिसरन म्हणजे मेटल गार पडून साचा भरायच्या आधीच थिजणं. कोपरा कोराच राहतो. एकात नको तिथं पळतंय, दुसऱ्यात पाहिजे तिथं पोचत नाही.

गुऱ्हाळकर
'उतू गेलं' लिही की भावा. काहिलीतला रस जातोय तसं.

पेटीवाला
उतू वरनं जातं. हे बाजूनं येतं.

गुऱ्हाळकर
मग 'गळालं'.

पेटीवाला
नळ गळतो. तेराशे-चौदाशे अंशाचं मेटल गळत नाही, अंगावर येतं.

निवृत्त मास्तर
'द्रवनिःसरण' असा नेमका शब्द घडवता येईल. परिभाषा घडवावीच लागते.

गंगावेस आक्का
मास्तर, तेवढं वाचून होईस्तोवर मेटल बुटात! मी तर हसून हसून लोळलो. (पुण्याच्या मंडळींनी दचकू नये, मी बाईच आहे. आमच्याकडं बायका 'हसलो'च म्हणतात.) थोरल्या पोरानं परीक्षेत 'आय रॅन इंटू माय टीचर'चं, म्हणजे सर अचानक भेटले त्याचं, 'मी सरांना धडकलो' केलं होतं. शून्य मिळालं. झाडाला असता तर तेच उत्तर बरोबर होतं, म्हणून अर्धा मार्क तरी द्यायचा की.

निवृत्त मास्तर
एकट्या 'रन'चा संसारच मोठा. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत 'सेट' ४३० अर्थांनिशी पहिला होता. पुढं 'रन'नं त्याला मागं टाकलं.

गुऱ्हाळकर
इंग्रज दुकान 'रन' करतो, आपण चालवतो. आपल्यात दुकान पळवलं म्हणजे शटर तोडून नेलं. आणि आपलं 'चालणं' काय कमी आहे? केस चालते, तोंड चालतं, फाटकी नोट चालत नाही. 'चालेल' म्हटलं की लग्न ठरतं.

निवृत्त मास्तर
विषय शब्द घडवण्याचा आहे. याच गावात, राजाराम कॉलेजात, कवी माधव जूलियन शिकवत होते. भाषाशुद्धीचा आग्रह त्यांचाच.

गंगावेस आक्का
आणि १९२५ चा फार्शी-मराठी कोश कुणाचा? त्यांचाच. शिकवत काय होते? फार्शी. 'दुकान', 'कारखाना' काढून दाखवा, मग मेटल काढू.

निवृत्त मास्तर
रुळलेले शब्द वेगळे, आळसानं घेतलेले वेगळे.

पेटीवाला
तीस वर्षं 'रन आउट' म्हणतोय. अजून किती रुळायचं?

खासबागचा पैलवान
रन आउटला मराठी शब्द आहे की. धावचीत!

गुऱ्हाळकर
धावबाद. चीत म्हणजे पाठ मातीला लागली पाहिजे. पळताना कोण चीत होतंय?

खासबागचा पैलवान
रेडिओवर बाळ ज. पंडितांची क्रिकेट कॉमेंट्री ऐकलेला माणूस धावचीतच म्हणणार. पायचीत, त्रिफळाचीत, यष्टिचीत. सगळा आखाडाच क्रिकेटमध्ये उतरलाय, आणि तुम्ही कोल्हापुरात बसून नाक मुरडताय?

गुऱ्हाळकर
त्रिफळाचीतमध्ये निदान दांडी तरी आडवी होते.

भाषांतरवाला
मंडळी, 'मिसरन'चं कुणी बघितलं का? बाकी फोरमननं पत्रक परत पाठवलंय. माझं वाक्य खोडून पेननं लिहिलंय: 'रन आउट झालं की ओतणं थांबवा आणि लांब पळा.'

गंगावेस आक्का
त्यालाच भाषांतराला बसवा.

गुऱ्हाळकर
ते असू दे. यष्टिचीतमध्ये पाठ कुणाची टेकते, ते सांगा आधी.