चर्चा: सुक्या कचऱ्याच्या प्रत्येक गाडीचा नमुना तपासायचा का?

कुरुळीचा_दाणेवाला
चाकणजवळ कुरुळीत माझं प्लास्टिकचं लहानसं युनिट आहे. पुण्यातल्या भंगार दुकानांतून फिल्म, म्हणजे पातळ पिशव्या आणि वेष्टनं, घेतो, धुतो, वितळवून पुन्हा वापरायचा दाणा पाडतो. १ एप्रिल २०२६ पासून घनकचरा व्यवस्थापनाचे नवे नियम लागू झालेत. ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा (बल्ब, औषधं वगैरे) असा कचरा घरातच वेगळा करायचा आणि पुढची सगळी नोंद केंद्रीय पोर्टलवर करायची. नोंदीला माझा विरोध नाही. पण काट्यावर गाडीचं वजन कळतं, गाडीत काय भरलंय ते कळत नाही.

इंग्लंडमध्ये वर्षाला १००० टन किंवा जास्त माल घेणाऱ्या वर्गीकरण केंद्रांना ऑक्टोबर २०२४ पासून दर ७५ टनांमागे सरासरी ६० किलोचा नमुना काढून, निवडून, मोजावा लागतो. आधी १२५ टनांमागे एक पुरायचा. आधी काच, धातू, कागद, प्लास्टिक एवढंच लिहायचं होतं. आता ॲल्युमिनियम वेगळं, पोलाद वेगळं, बाटल्या वेगळ्या, फिल्म वेगळी, असे दहा प्रकार. दर तिमाहीला आकडे तिथल्या पर्यावरण एजन्सीकडे जातात. माझं म्हणणं, हे आपल्याकडेही हवं.

मागच्या पावसाळ्यात ११२० किलो फिल्म घेतली. दाणा निघाला ८४० किलो. बाकी चिखल, पाणी आणि आतून चंदेरी असलेली बिस्किटांची, वेफर्सची वेष्टनं. माझ्या खरेदी बिलावर मात्र ११२० च. खोटं काहीच लिहिलं नव्हतं, तरी तो आकडा बरोबर नव्हता. तेव्हापासून मी प्रत्येक गाडीचा नमुना घेतो. चार ठिकाणच्या पोत्यांतला माल ताडपत्रीवर ओतायचा, फावड्याने ढीग करायचा, वरून दाबून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन परत पोत्यात. पंचवीसेक किलो उरेपर्यंत हेच. मग निवड. आमच्या मावशी डोळे झाकून सांगतात: चुरगाळल्यावर कडकड वाजलं की पीपी, गप्प राहिलं की एलडी, ही प्लास्टिकची दोन वेगळी जातं. शंका आली तर बादलीत टाकतात. बुडलं ते आपल्या कामाचं नाही.

भवानी_पेठ_गाळा
दादा, तुमच्याकडे ताडपत्री पसरायला जागा आहे. माझ्या भंगार दुकानाचा गाळा दहा बाय वीस फूट. दुपारी एक ते तीन कचरा वेचणाऱ्या बायका पोती घेऊन येतात, उन्हात रांग लागते. त्यांना थांबवून मी ढिगाचे चार भाग करत बसू?

आणि इंग्लंडचा हिशेब नीट मांडा. ७५ टनांत ६० किलो म्हणजे हजार किलोमागे एक किलोसुद्धा नाही. तुम्ही माझ्या टनभराच्या गाडीतून पंचवीस किलो काढता, म्हणजे तीसपट कडक. माझा धंदा महिन्याला ३५ ते ४० टनांचा. तिथे असतो तर हा नियम मला लागूच झाला नसता. तिथली मर्यादा सोडायची आणि तिथला जाच तेवढा घ्यायचा, हे मला पटत नाही.

भोसरी_लॅब
गाळेवाल्या दादांचा टक्क्यांचा मुद्दा बरोबर, पण नमुना किती टक्के घेतला यापेक्षा कुठून आणि किती वेळा घेतला ते महत्त्वाचं. एका नमुन्यावरून कुणालाही दोषी ठरवू नये. पण एखाद्या केंद्राकडे तिमाहीत ३००० टन माल आला, तर ७५ टनांच्या हिशेबाने ४० नमुने होतात. चाळीस वेळा एकाच ठिकाणच्या मालात दहा-बारा टक्के घाण निघाली, तर त्याला योगायोग म्हणता येत नाही.

काही ठिकाणी वरचं स्वच्छ पोतं उचलून ‘नमुना घेतला’ असं लिहिताना मी पाहिलंय. त्यापेक्षा न घेतलेला बरा, कारण कोरी जागा निदान कोरी दिसते. ओल पाहायची तर नमुना लगेच मोजा, वाळवा, पुन्हा मोजा. संध्याकाळपर्यंत उघडा ठेवला तर निम्मं पाणी उडून गेलेलं असतं.

वेचकाची_लेक
माझी आई ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था सुरू झाली तेव्हापासून, म्हणजे २००८ पासून, कोथरूडमध्ये घरोघरचा कचरा उचलते. तुम्ही सगळे गाडीपासून सुरुवात करताय. माल गाडीत येण्याआधी आईच्या हातातून जातो.

मार्केट यार्डात शेतकऱ्याच्या पोत्यामागे कडता, म्हणजे घट धरून वजन, कापायचे, ते पुण्यात कुणाला नवीन नाही. आमच्याकडेही पोतं काट्यावर चढलं की ‘ओल आहे’ म्हणून दोन किलो जातात. किती ओल, कुणी मोजली, विचारायची सोय नाही. आता तुमच्या नमुन्यात बारा टक्के घाण निघाली, तर दाणेवाला दुकानदाराचे पैसे कापणार, दुकानदार आईचे कापणार. आई कुणाचे कापणार? ज्या फ्लॅटमधून डाळ लागलेली पिशवी आली, त्या फ्लॅटला नोटीस जाते का?

१९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, तेव्हा ओळखपत्र हवं होतं, कामाला मान हवा होता आणि वजनात फसवणूक नको होती. तिसरी गोष्ट आजही पूर्ण झालेली नाही. म्हणून माझा विरोध आहे. नमुन्याला नाही, नमुन्यावरून भाव कापण्याला.

बाणेर_सोसायटी_सचिव
ताईंचा शेवटचा प्रश्न आमच्याकडे येतो. आमची सोसायटी मोठ्या कचरानिर्मात्यांत मोडते. नव्या नियमांत २०,००० चौरस मीटर बांधकाम, दिवसाला ४०,००० लिटर पाणी किंवा १०० किलो कचरा, यातलं एक जरी असलं तरी मोडते. पण आमच्या सुक्या कचऱ्यात काय निघालं हे आजवर कुणी कळवलं नाही. घरोघर पत्रकं वाटली, सॅनिटरी कचऱ्याच्या लाल ठिपक्याच्या पुड्या समजावल्या, तरी डायपर सुक्यात जातात असं ऐकतो. किती, कुठल्या विंगमधून, काही पत्ता नाही. आकडा आला तर तो मी लिफ्टशेजारी लावायला तयार आहे.

दंड मात्र सरसकट नको. साडेतीनशे घरांतली वीस चुकतात आणि सगळ्यांनी भरायचं, हे सभेत टिकणार नाही.

नोंदवही
गाळेवाले म्हणतात त्या जागेच्या अडचणीची मला कल्पना आहे, तरी मी सक्तीच्या बाजूने. २०२२ मध्ये प्लास्टिकच्या उत्पादक जबाबदारीची नियमावली आली, प्लास्टिक बाजारात आणणाऱ्या कंपन्यांना ते रिसायकल झाल्याची प्रमाणपत्रं रिसायकलरकडून घ्यायला लागली. पुढच्याच वर्षी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या रिसायकलरांच्या नावावर सुमारे ६ लाख खोटी प्रमाणपत्रं सापडली. कागदोपत्री प्लास्टिक धुतलं, वितळवलं, विकलं. प्रत्यक्षात माल नव्हता. त्यामुळे खरं काम करणाऱ्याच्या प्रमाणपत्राचाही भाव पडतो. बिल बनवता येतं. तारीख, गाडी क्रमांक आणि दहा रकान्यांची वजनं असलेले वर्षभराचे नमुने बनवणं फार कठीण, कारण खऱ्या मालात पावसाळा दिसतो, दिवाळीचा पुठ्ठा दिसतो.

भवानी_पेठ_गाळा
खोटं करणाऱ्यांनी केलं आणि वह्या आम्ही वाढवायच्या. मला शिकवा, मी लिहीन. पण पोर्टलवर भरायला बसणाऱ्या मुलाचा पगार कोण देणार? कंपन्या प्रमाणपत्राचे पैसे दाणेवाल्याला देतात. त्यातला एक रुपया माझ्या गाळ्यापर्यंत आलेला नाही.

कुरुळीचा_दाणेवाला
ताई, तुमचं बरोबर आहे. मीही मागच्या वर्षी दोनदा दुकानदाराचे पैसे कापले. ते पुढे कुणाच्या पोत्यातून गेले असतील याचा विचार केला नव्हता. ते चुकलं.

आजपासून नमुन्याची वही आणि बिलाची वही वेगळी ठेवतो. घाणीचा टक्का बिलात येणार नाही. भाव गाडी उतरण्याआधी, माल बघून दोघांनी ठरवायचा. ओल कापायची तर समोर वाळवून, समोर मोजून. नमुन्याचा आकडा दुकानदाराला आणि ज्या सोसायटीची पोती वेगळी आली असतील तिला पाठवायचा. सचिव साहेब, त्यासाठी तुमची पोती वेगळ्या रंगाच्या सुतळीने बांधून यायला हवीत, नाहीतर ढिगात मिसळली की संपलं.

गाळेवाले दादा, नमुना तुमच्याकडे नको, माझ्याकडेच होऊ दे. ताडपत्री माझी, मावशींचा तास माझा. महिन्याला चार गाड्या चिठ्ठी टाकून निवडू, प्रत्येक गाडी नको. तुमचा माणूस समोर उभा राहावा एवढंच. प्रमाणपत्राच्या पैशातून किलोमागे काही तुम्हाला देण्याबद्दल फोनवर बोलू, इथे आकडा टाकत नाही.

वेचकाची_लेक
दुकानदाराच्या माणसाबरोबर आईसारखी एकजण उभी राहू दे. माल तिने निवडलेला असतो. काय कुठून आलं हे तीच सांगेल.

भवानी_पेठ_गाळा
महिन्याला चार असतील तर दोन महिने करून बघतो. ताईंच्या आईंनी यावं, त्या दिवसाची त्यांची मजुरी मी देतो. पोर्टलचा प्रश्न आहे तिथेच आहे, त्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.