विषय: जुलैत मॉरिशस, आईला घेऊन

प्रेषक: मृणाल

नमस्कार मंडळी,

मुलांना सुटी लागली की आठ दिवस मॉरिशसला जायचं चाललंय. आम्ही चौघं जोहान्सबर्गहून निघू, आई मुंबईहून थेट तिकडे येईल. आईला ७२ वं लागलंय, गुडघे कुरकुरतात, पण ‘समुद्रात पाय बुडवल्याशिवाय परतायची नाही’ असं आत्ताच बजावून झालंय. एजंटने पूर्व किनाऱ्यावरचं एक हॉटेल काढलंय, भाव फारच चांगला आहे. शनिवारपर्यंत पैसे भरायचेत. कुणी जाऊन आलंय का?

——

प्रेषक: अविनाश

मृणाल, शनिवारी पैसे भरू नकोस.

भाव चांगला आहे, कारण महिना जुलै आहे आणि किनारा पूर्वेचा. त्या दिवसांत तिथे आग्नेयेचा वारा सुटतो आणि तो पहिला पूर्व किनाऱ्यालाच येऊन थडकतो. आम्ही नोकरीनिमित्त तीन वर्षं तिकडे होतो. पहिल्याच जुलैत हौसेने पूर्वेच्या बेल मार किनाऱ्यावर गेलो. वाळू इतकी सुंदर की काय सांगू, पण ती पायाखाली कमी आणि पोटऱ्यांवर जास्त! थर्मासमधला चहा कपात ओतेपर्यंत त्यात वाळू. बायको टॉवेल डोक्यावर घेऊन गाडीत जाऊन बसली. तसेच उठलो आणि बेट ओलांडून पश्चिमेला फ्लिक आँ फ्लाकला आलो. तास-सव्वा तासाचा रस्ता. तिथे समुद्र ताटात पाणी ठेवल्यासारखा.

मधले डोंगर वारा अडवतात, एवढंच त्यामागचं कारण. म्हणून उन्हाळ्यात (म्हणजे तिकडच्या, डिसेंबर-जानेवारीत) पूर्वेला खुशाल राहावं. जूनपासून ऑगस्टपर्यंत पश्चिमेला किंवा उत्तर-पश्चिमेला, ट्रू ओ बिशच्या बाजूला. आईसाठी हे जास्तच महत्त्वाचं. बेटाला बहुतेक सगळीकडून प्रवाळाची भिंत आहे, मोठ्या लाटा तिच्यावरच फुटतात. अलीकडे गुडघाभर पाण्यात म्हातारी माणसंसुद्धा निवांत उभी राहतात. पायात मात्र रबरी बूट हवेतच. समुद्री साळूचे काटे असतात, आणि दगडमासा नावाचा एक प्रकार खडकासारखा निपचित पडलेला असतो. त्याचा काटा विषारी. अनवाणी कुणालाच सोडू नकोस.

दक्षिणेला ग्रिस ग्रिसला ही भिंत तुटलेली आहे. कड्यावरून लाटा बघाव्यात, पाण्यात उतरू नये.

आणि स्वेटर घ्या. हसू नका! मधलं पठार साधारण ५५० मीटरवर आहे; क्युरपीपला जुलैत बारीक पाऊस आणि थंडी असते, आणि त्याच वेळी खाली किनाऱ्यावर ऊन.

——

प्रेषक: शुभदा

अविनाशदादांनी वाऱ्यावर सगळं सांगितलं, पिशवीत काय भरायचं ते मी सांगते.

आपले तीन गोल पिनांचे प्लग तिथे चालत नाहीत. ब्रिटिश चौकोनी पिनांचे लागतात, काही ठिकाणी दोन गोल पिनांचे. अडॅप्टर इथूनच घ्या. आईंच्या गुडघ्यांच्या गोळ्या मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट ठेवा. झोपेच्या किंवा कडक वेदनाशामक गोळ्या असतील तर चिठ्ठीशिवाय नेऊच नका, औषधांच्या बाबतीत तिथले लोक फार कडक आहेत. तुमच्या घरात कुणी व्हेप ओढत असेल (मी कुणाचं नाव घेत नाही) तर तो घरीच ठेवा, तिथे बंदी आहे.

भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण विमानतळावर परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता विचारतात. आई एकट्या उतरणार ना? मग हॉटेलच्या बुकिंगचा छापील कागद त्यांच्या पर्समध्ये असू दे, फोनच्या भरवशावर नको. प्रवासाआधीचा ऑनलाइन फॉर्मही तूच भरून ठेव. घड्याळ भारताच्या दीड तास मागे, आपल्या जोहान्सबर्गच्या दोन तास पुढे.

विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला आहे. टॅक्सीत मीटरची वाट बघू नका, बसण्याआधी भाडं ठरवा. अडीनडीला रुग्णवाहिका ११४.

खाण्याचं म्हणाल तर रस्त्यावरची धाल पुरी सोडू नका. चक्क आपली पुरणपोळी, फक्त गुळाला रजा दिलेली! हळद घातलेली शिजवलेली डाळ बारीक वाटून आत भरतात, पोळी इतकी पातळ की हातात घेतली की लोंबते. वर मोठ्या पांढऱ्या दाण्यांचा रस्सा, रुगाय म्हणजे टोमॅटोचा मसालेदार रस्सा आणि मिरचीचा ठेचा. दोन-दोन एकत्र गुंडाळून कागदात देतात. ‘पिमाँ?’ म्हणून विचारलं की सावध राहा, मिरची म्हणजे खरोखरच मिरची.

——

प्रेषक: मृणाल

दादा, ताई, खूप आभार. एजंटला नाही म्हणून कळवलं, फ्लिक आँ फ्लाकला खोल्या बघतेय. आईने विचारलंय, तिकडे मराठी माणसं आहेत म्हणे, त्यांच्याशी मराठीत बोलता येईल का? आणि गंगा तलाव, ते देवळाचं पवित्र तळं, तिला झेपेल?

——

प्रेषक: अविनाश

गंगा तलाव झेपेल. गाडी जवळजवळ काठापर्यंत जाते, ३३ मीटर उंच शंकराची मूर्ती तर रस्त्यावरूनच दिसते. माकडं मात्र धीट आहेत, प्रसादाची पिशवी उघडी धरू नये.

मराठीचं जरा वेगळं आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्यांची ही पाचवी-सहावी पिढी. घरात क्रिओल (फ्रेंचवरून झालेली तिथली बोली) बोलतात, मराठी शाळेत शिकतात. बाजारात भाजीवाल्या बाईंचं आडनाव ऐकून मी उत्साहाने मराठी सुरू केलं, त्या हसल्या आणि क्रिओलमध्ये कोथिंबिरीचा भाव सांगितला. मी जरा हिरमुसलो. गणपतीत त्याच बाई देवळात भेटल्या. पाची आरत्या तोंडपाठ, मला तिसरीत अडखळायला झालं! तेव्हा आईंना सांग, गप्पांची परीक्षा घेऊ नका, देवळात जा. कास्कावेल फ्लिक आँ फ्लाकपासून जवळच आहे, तिथे मराठी घरं पुष्कळ.

पुढे कधी गणपतीत जमलं तर बघा. तिथे सरकारी सुटी असते, आणि ती बहुधा चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी देतात, म्हणजे विसर्जनाला. दीड दिवसाच्या गणपतीची सोय कोकणी माणसाने समुद्रापार नेलीच.

——

प्रेषक: मृणाल

खोल्या मिळाल्या, भाव थोडा जास्त पडला. आई मेतकूट आणि भाजणी बांधतेय. शेवटचे चार हापूसही भरले होते, ते मात्र काढायला लावले. ताजी फळं परवान्याशिवाय नेता येत नाहीत असं वाचलं. चिडून चारही एकटीने संपवले म्हणे.