बेरिंबाऊ वाजवताना गायला लागलो की हात चुकतो – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मुंबईत कापोइरा (गाण्या-वाजवण्याच्या तालावर खेळली जाणारी ब्राझीलची लढाईची कला) शिकतोय, दीड वर्ष झालं. लाथा, गिरक्या बऱ्यापैकी जमतात, पण जीव जडलाय तो बेरिंबाऊवर. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: धनुष्यासारखी वाकवलेली काठी, तिला पोलादी तार (ब्राझीलमध्ये ती जुन्या टायरमधून काढतात) आणि खालच्या बाजूला दोरीच्या फासाने बांधलेला पोकळ भोपळा. उजव्या हातात बारीक छडी आणि कशिशी नावाचा विणलेला खुळखुळा, डाव्या हातात तारेला लावायला नाणं किंवा गोटा. नाणं दाबलं की 'डिंग', सोडलं की 'डोम', नुसतं टेकवलं की 'च्'.

कापोइराच्या अंगोला पद्धतीच्या होदात, म्हणजे खेळाच्या रिंगणात, तीन बेरिंबाऊ असतात. गुंगा खर्जाचा, सगळा खेळ त्याच्या इशाऱ्यावर चालतो. व्हिओला सगळ्यात उंच सुराचा, मोकळा फिरणारा. मधला मेदिओ. तो माझ्याकडे आलाय आणि तिथेच गाडी अडलीय.

गुंगा 'अंगोला' हा ठेका धरतो: च्-च् डोम डिंग. त्याच वेळी मेदिओने उलटं वाजवायचं, 'साँव बेंतो पेकेनो': च्-च् डिंग डोम. नुसतं वाजवायचं असेल तर मी दहा मिनिटं टिकतो. पण मुख्य गायकाच्या ओळीला सगळ्यांनी उत्तर द्यायचं असतं. मी तोंड उघडलं की हात गुंगाच्या डोम-डिंगवर जातो आणि मला कळतही नाही. गेल्या रविवारी शिक्षक काही बोलले नाहीत, फक्त गुंगा माझ्या कानाशी आणून वाजवत राहिले. खूप वाईट वाटलं. लहानपणी सहा वर्षं तबला शिकलोय, त्यामुळे प्रत्येक फेरीत सम शोधत बसतो, तेही नडत असावं.

हे वाद्य कापोइरात नुसतं साथीला नसतं, ते बोलतं. 1890 च्या दंडसंहितेने ब्राझीलमध्ये कापोइरा गुन्हा ठरवला होता. 'कावालारिया' हा ठेका म्हणजे घोडेस्वार पोलीस आल्याचा इशारा, असं जुने लोक सांगत आलेत. म्हणून चुकीचं वाजवून रिंगणात उभं राहायला मन धजत नाही.

आणखी दोन अडचणी. वाद्याचा सगळा भार करंगळीवर येऊन ती सुजते. आणि माझा भोपळा तडकलाय. मिरजेत तंबोऱ्यासाठी पंढरपूरकडचे भोपळे येतात, पण ते फार मोठे. एकतारीचा छोटा भोपळा चालेल का? कुणी लावून पाहिलाय?

प्रतिसाद:

मेदिओवर माझंही वर्ष गेलं. आधी वाद्य बाजूला ठेवा. पायाने च्-च् धरा, तोंडाने 'डिंग डोम' म्हणा. ते बसलं की उत्तराची ओळ शब्दांशिवाय गुणगुणा आणि तिचं कुठलं अक्षर डिंगवर पडतं ते शोधा. प्रत्येक ओळीचं तेवढं एकच अक्षर लक्षात ठेवायचं. सम शोधू नका, परतायची जागा च्-च् हीच.

करंगळीसाठी फास घट्ट करा. सैल असला की भोपळा लोंबतो आणि बोट भरडतं. वाजवून झालं की तार उतरवून ठेवत जा, नाहीतर काठीतला ताण जातो.

एकतारीचा भोपळा मी लावलाय. पातळ सालीचा निवडा, टिचकी मारून ऐका. जाड असला तर डोम मुका येतो. तुमच्या भोपळ्याला गेलेला तडा किती लांब आहे? बोटभर असेल तर टाकू नका, आतून कापडाची पट्टी आणि लाकूड चिकटवायचा डिंक लावून माझा अजून वाजतोय.